खाते बंद करावे की खेळाला वेसण घालावी?



गेल्या काही महिन्यांत आमच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : ‘मोबाईलवरच्या खेळाचे खाते कायमचे बंद कसे करायचे?’ विचारणारे वेगवेगळे होते. कधी कोळसा खाणीत काम करणारे वडील, कधी अंगणवाडी सेविका असलेली आई, तर एकदा स्वतः खेळणारा तरुणच. म्हणून आम्ही काही पालक व शिक्षक एकत्र बसलो, माहिती गोळा केली आणि जे समजले ते या पानावर मांडत आहोत. कुटुंबाने एकत्र बसून ते वाचावे, ही विनंती.

एका घरात घडलेले

आमच्याच भागातील एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता सांगत आहोत. २०२५ च्या मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम झाला. आई, वडील आणि मोठी मुलगी पहाटे चारला उठून जंगलात जात. पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तरची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर द्यायची. मजुरीचे अठरा हजार रुपये जमा झाले. त्या पैशांतून मुलीचा नर्सिंगचा प्रवेश व्हायचा होता. बँकेचे खाते ज्या मोबाईलला जोडलेले, तो मोबाईल एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात असे. तो पत्त्यांच्या एका खेळात पैसे लावू लागला. सुरुवातीला दोनशे रुपये जिंकला. जूनमध्ये वडील बँकेत गेले तेव्हा खात्यात सहाशे चाळीस रुपये शिल्लक होते.

वडिलांनी रागाच्या भरात मोबाईल दगडावर आपटून फोडला. त्यांना वाटले, विषय संपला. आठ दिवसांतच मुलाने आईच्या मोबाईलवर, तोच जुना क्रमांक वापरून, तेच खाते पुन्हा उघडले. फोन फुटला होता, खाते शाबूत होते. आई आम्हाला म्हणाली, “फोन फोडून का होते? जीव त तेतीच आहे.” आमचा सगळा अभ्यास या एका वाक्याभोवती फिरत राहिला.

खेळ वेगळा, जुगार वेगळा

मोबाईलवरचा प्रत्येक खेळ वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण दोन प्रकार नीट ओळखले पाहिजेत. एका प्रकारात मूल वेळ घालवते : लढाईचे, शर्यतीचे, शेतीचे खेळ. यात पैसे गेले तर ते सहसा पात्राचे कपडे, हत्यारे वा हिरे विकत घेण्यात जातात. दुसऱ्या प्रकारात पैसे लावून जास्त पैसे मिळवण्याची आशा असते : पत्ते, रंग ओळखणे, सामन्यावर संघ लावणे. पहिला प्रकार अती झाला तर व्यसन होतो. दुसऱ्यात पहिल्या दिवसापासूनच घराचा पैसा पणाला लागतो.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्रमांक २४१३) याबाबत संतुलित भूमिका आहे. नशिबाचे खेळ वा पैज या गोष्टी मुळात अन्याय्य नाहीत. पण स्वतःच्या वा इतरांच्या गरजेसाठी लागणारे धन त्यात जाऊ लागले, तर ते नीतीला धरून राहत नाही. जुगाराचा ध्यास माणसाला गुलाम करू शकतो, असाही इशारा तेथे दिलेला आहे. नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे म्हणजे गरजेचे धन. त्यावर वेगळे भाष्य नको.

व्यसन कधी म्हणावे? जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाच्या विकाराचा समावेश केला. २०१९ साली ही आवृत्ती स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तेथे तीन खुणा दिल्या आहेत : खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारणपणे वर्षभर चालले आणि अभ्यास, काम, नातीगोती बिघडली, तर तो विकार समजावा. सुट्टीत चार दिवस जास्त खेळणाऱ्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणून हिणवू नये.

कायदा आला, पुढे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरवले. असे खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. त्यामुळे मदत मागायला कोणी घाबरू नये. ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झूपी यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे खेळ थांबवले.

त्या घरातही आनंद झाला. मुलगा म्हणाला, “आता कायचा भेव? सरकारनच बंद केला.” पण दिवाळीच्या सुमारास त्याच्या मोबाईलवर एका अनोळखी गटातून दुवा आला. परदेशातून चालणारे ॲप, प्ले स्टोअरवर नसलेले. पुन्हा चार हजार गेले.

दार बंद करणे म्हणजे काय, हे आपल्या दोन जिल्ह्यांइतके कोणाला माहीत असणार? गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून झाली आणि २०२१ साली ती उठवण्यात आली. बंदी असतानाही चोरटी दारू येत राहिली, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणून बंदी निरर्थक होती का? आमच्या मते नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम चालू झाला. त्यात कायद्यासोबत गावोगावच्या संघटना आणि व्यसनींसाठी तालुक्याच्या ठिकाणी उपचार अशी जोड दिली गेली. कायदा दुकानाला कुलूप लावतो. ते कुलूप शाबूत राहते की नाही, हे गाव पाहते. मोबाईलच्या बाबतीत ‘गाव’ म्हणजे आपले घर.

एक खेळ गेला की दुसरा येतो, हाही अनुभव आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला, तेव्हा पुष्कळ मुले दुसऱ्या खेळाकडे वळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, तेव्हा तिसऱ्याकडे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो असा.

आधी घर सावरावे

आपल्या विदर्भाची राजकन्या दमयंती हिची कथा महाभारतात आहे. पती नल राजा द्यूतात एकेक गोष्ट हरत चालला. समजावून उपयोग होत नाही हे दिसताच तिने सारथ्यासोबत दोन्ही मुलांना कुंडिनपुरास माहेरी पाठवून दिले. आधी जे वाचवता येईल ते वाचवले. पतीला मात्र तिने सोडले नाही. या क्रमात मोठे शहाणपण आहे.

आजच्या भाषेत सांगायचे तर : मजुरीचे, धानाच्या चुकाऱ्याचे वा शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याला जोडलेले सिमकार्ड ताबडतोब घरातील जबाबदार व्यक्तीकडे घ्यावे. यूपीआयचा पिन बदलावा. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या ठिकाणी जाऊन आपोआप पैसे कापण्याच्या परवानग्या रद्द कराव्यात. प्ले स्टोअरवर कार्ड जोडलेले असल्यास काढून टाकावे. ही कामे एका संध्याकाळी होतात. खात्याचे काय करायचे, हा विचार त्यानंतर शांतपणे करावा.

खाते कायमचे बंद करताना

ॲप मोबाईलमधून काढून टाकणे आणि खाते बंद करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲप काढले तरी आपले नाव, क्रमांक, आधार-पॅनची माहिती आणि शिल्लक रक्कम कंपनीकडे तशीच राहते. पुन्हा ॲप घेतले की दोन मिनिटांत सर्व पूर्ववत! म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. खात्याचा क्रमांक, जोडलेला मोबाईल क्रमांक व ई-मेल कागदावर लिहून ठेवा. व्यवहारांचा तपशील उतरवून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळात जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापण्याचा नियम आला. पुढे हिशेब द्यावा लागला तर हा तपशील लागेल.

२. स्वतःची शिल्लक रक्कम बँकेत काढून घ्या. ‘पैसे सोडवण्यासाठी आधी शुल्क भरा’ असे कोणी म्हणाले, तर ती फसवणूक समजावी. एक रुपयाही भरू नये. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

३. मग ॲपच्या सेटिंगमध्ये ‘डिलीट अकाउंट’ शोधा. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार, ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते तेथे ते काढून टाकण्याची सोयही द्यावी लागते. ॲपलने २०२२ पासून तसेच केले आहे. सोय सापडली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास ई-मेल करा व उत्तर जपून ठेवा.

४. अनेक कंपन्या खाते लगेच मिटवत नाहीत. काही दिवस ते महिनाभर वाट पाहतात. त्या मुदतीत एकदा जरी आत शिरलो, तरी बऱ्याच ठिकाणी अर्ज रद्द होतो. हाच खरा परीक्षेचा काळ असतो. शक्य तर या दिवसांत मोबाईल दुसऱ्याकडे द्यावा.

५. खेळ गूगल वा फेसबुकच्या खात्यातून उघडला असेल, तर चुकूनही गूगलचे मूळ खातेच मिटवू नका. त्यात ई-मेल, फोटो, शाळेची कागदपत्रे असतात. फक्त त्या खेळाशी असलेली जोडणी तोडायची आहे.

६. शेवटी ॲप काढा, त्याचे व्हॉट्सॲप-टेलिग्राम गट सोडा. जाहिरातींचे संदेश थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करा.

एक सावधगिरी. काही मुले खाते बंद करण्याऐवजी विकतात. बहुतेक खेळांच्या नियमांत हे बसत नाही. शिवाय आपल्या क्रमांकाने उघडलेले खाते परक्याच्या हाती जाते. तो मार्ग नको.

आणि हेही लक्षात ठेवावे की बंद केलेले खाते परत मिळत नाही. मुलाने दोन-तीन वर्षे खेळून मिळवलेली पायरी, विकत घेतलेल्या वस्तू, दूरच्या मित्रांची यादी सर्व जाते. मोठ्यांना ते क्षुल्लक वाटते, मुलाला नाही. म्हणून त्याला न सांगता, त्याच्या झोपेत खाते मिटवू नका. असे केल्याने खेळ सुटत नाही, विश्वास मात्र तुटतो.

बंद न करता करता येण्यासारखे

जिथे पैशांचा खेळ नाही, तिथे लगाम पुरेसा ठरू शकतो.

वेळेची मर्यादा : अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असते. तेथे प्रत्येक ॲपला रोजची वेळ ठरवून देता येते. लहान मुलांसाठी ‘फॅमिली लिंक’ हे गूगलचे मोफत ॲप आहे. त्यातून पालक आपल्या मोबाईलवरून वेळ व खरेदी दोन्ही आवरू शकतात. काही खेळांत मर्यादा आतच असते. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये परत आलेल्या बीजीएमआय या खेळात १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालण्यात आली. अर्थात वय खोटे सांगितले, तर ती मर्यादा काय कामाची?

ठराविक काळाची विश्रांती : इंग्लंडमध्ये २०१८ पासून ‘गॅमस्टॉप’ नावाची सोय आहे. माणूस एकदा नाव नोंदवून स्वतःलाच सहा महिने, एक वर्ष वा पाच वर्षे सर्व परवानाधारक ऑनलाइन जुगारांतून बाहेर ठेवू शकतो. मुदत संपेपर्यंत ते उठवता येत नाही. आपल्याकडे अशी सोय घरीच करता येते. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस आपण अनेक गोष्टींचा त्याग करतो. खेळाचाही करून पाहावा. चाळीस दिवस जमले तर लगाम हाती आहे. चौथ्याच दिवशी लपूनछपून खेळ सुरू झाला, तर कायमचे बंद करण्याची वेळ आली आहे, हे घरातल्या सर्वांना न भांडता कळते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदावर आरूढ झालेला कार्लो अकुतिस हा संगणकात रमणारा मुलगा होता. १५ व्या वर्षी, २००६ साली तो वारला. त्यालाही प्लेस्टेशनवर खेळायला आवडे, पण आठवड्यातून एक तास, अशी मर्यादा त्याने स्वतःला घालून घेतली होती, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. त्याने खेळ टाकला नाही, खेळाला आपला धनी होऊ दिले नाही.

कोणता मार्ग कोणासाठी?

आमच्या अभ्यासगटाचे मत असे आहे. पैसे लावण्याचा खेळ असेल, तर मध्यम मार्ग नाही. खाते कायमचे बंद करावे. कायद्यामुळे खेळ थांबलेला असला, तरी रिकामे पडलेले जुने खातेही बंद करावे, कारण आपली माहिती त्यात पडून असते. खेळ पैशांचा नाही, पण मूल खोटे बोलू लागले, रात्रीची झोप गेली, शाळा वा काम सुटले, तर काही महिन्यांची पूर्ण विश्रांती घ्यावी. आणि तक्रार फक्त ‘जरा जास्त खेळतो’ एवढीच असेल, तर वेळ ठरवावी आणि ती पालकांनीही पाळावी. जेवताना बापाच्या हातात मोबाईल आणि मुलाला उपदेश, हे चालणार नाही.

निर्णय कसा घ्यावा? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. एकाचाही विरोध असेल, तर बोलणे चालू ठेवायचे. हीच रीत घरात आणता येईल. वेळ लागतो, पण ज्याच्यासाठी निर्णय असतो तोही त्यात सामील होतो.

खेळ सुटल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. चिडचिड होते, जेवण जात नाही, मूल गप्प होते. त्याला टोमणे मारू नका. गेलेल्या पैशांचा हिशेब रोज काढू नका. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द कानी पडले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला. लहान मुलांसाठी १०९८ आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराविषयी विचारता येते. ताप आल्यावर दवाखान्यात जायला आपण लाजत नाही, मग येथे लाज कसली?

रिकाम्या झालेल्या वेळात काय?

हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याचे उत्तर मोबाईलमध्ये नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलमध्ये गेली, तेव्हा कर्ज काढून आपणच मुलांच्या हातात मोबाईल दिले. त्यात त्यांना मित्र सापडले, जिंकण्याचा आनंद सापडला. तो आनंद काढून घेताना दुसरा दिला पाहिजे. संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉलची जाळी बांधणे, कबड्डीचा संघ, गायनवृंदात ढोलकी, आठवडी बाजारात बापासोबत हिशेब सांभाळणे, अशी कामे मुलांना द्यावीत. तरुणाला ‘खेळू नको’ एवढेच सांगणे पुरत नाही. ‘ये, तुझी गरज आहे’ असेही सांगावे लागते.

त्या घरात शेवटी असेच झाले. दिवाळीनंतर एके रात्री मुलाने स्वतःच आईला सांगितले की पुन्हा चार हजार गेले. यावेळी कोणी काही फोडले नाही. चौघे चुलीजवळ बसले. परदेशी ॲपने पैसे दिलेच नाहीत, खाते बंद करण्याची सोयही नव्हती. म्हणून जुना क्रमांक बँकेपासून तोडला, नवा क्रमांक आईच्या नावे जोडला, जुन्या पत्त्यांच्या खेळाचे खाते मुलाने स्वतःच्या हाताने मिटवले. मुदतीचे दिवस त्याचा मोबाईल बहिणीच्या पेटीत होता. मध्ये एकदा त्याने तो मागितला, बहिणीने दिला नाही. दोघांत दोन दिवस अबोला होता. पण खाते मिटले. आता तो साधा बटणांचा मोबाईल वापरतो आणि एका दुकानात कामाला जातो. पहिल्या तीन पगारांतून त्याने बहिणीसाठी पैसे बाजूला ठेवले आहेत. तिचे एक वर्ष गेले, ते परत येणार नाही. यंदा मात्र तिचा अर्ज भरायचा आहे. तो भरायला तिच्यासोबत तोच जाणार आहे, असे आईने आम्हाला सांगितले.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील बँक खात्याला जोडलेला मोबाईल सध्या कोणाच्या हातात असतो?

२. आपले मूल कोणता खेळ खेळते, कोणासोबत खेळते, हे आपण त्याला कधी आपुलकीने विचारले आहे का?

३. आपल्या वस्तीत संध्याकाळी मुलांना खेळायला जागा आहे का? नसेल, तर ती करण्यासाठी आपला समूह या महिन्यात काय करील?

या आठवड्याचा संकल्प : एका संध्याकाळी सर्वांनी मिळून घरातील प्रत्येक मोबाईलमधील ‘ऑटोपे’ची यादी पाहावी. पालकांनी सुरुवात स्वतःच्या मोबाईलपासून करावी.